कोपऱ्यातल्या मशीनवरचा आकडा

कंडक्टरकाकांची छाती भात्यासारखी वर-खाली होत होती, कपाळावरून घाम ओघळत होता, आणि कोपऱ्यातल्या चालायच्या मशीनचा पडदा म्हणत होता, बावन्न.

"मॅडम, हे बघा जरा," काका धापा टाकत म्हणाले. "ह्याच्या हिशेबानं मी गाढ झोपलोय."

व्यायामशाळा चालवणाऱ्या धाकटीनं मशीनचा वेग उतरवला, काकांचं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ठोके मोजले. एकशे दहाच्या पुढे. म्हणजे मशीन निम्म्याहून कमी सांगत होतं. काकांच्या हृदयावर मोठं ऑपरेशन झालेलं होतं, आणि किती जोरात चालायचं ते ह्याच आकड्यावर ठरायचं. आकडा खोटा निघाला तर माणूस हकनाक जास्त पळायचा.

"पट्टा सैल झालाय तुमचा," ती म्हणाली. "वजन उतरलंय ना."

"बायको म्हणते जीभ सोडून सगळं उतरलंय."

बाकीचे पेशंट हसले. धाकटीनं काकांच्या छातीवरचा, ठोके टिपून मशीनला कळवणारा पट्टा दोन बोटं आवळला, आतल्या रबरी पट्ट्यांना पाणी लावलं. कोरड्या कातडीवर त्या धरत नाहीत. आकडा एकशे सात झाला, थोडा वेळ टिकला आणि पुन्हा पायरी चुकल्यासारखा खाली आला. बावन्न.

घरात दोनच भावंडं, त्यातली ही लहान, म्हणून ती धाकटी. केस पिकले, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला, तरी नाव तेच राहिलं. हृदयाच्या दुखण्यातून उठलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवायचं हे तिचं काम. दादाच्या घराचा पुढचा अर्धा भाग म्हणजे तिची व्यायामशाळा. चार चालायची मशीनं, दोन सायकली, आरशांची एक भिंत. मागच्या अर्ध्यात दादा आणि वहिनी राहायचे. मध्ये प्लायवूडची भिंत घालून वर गिलावा केलेला, आणि त्या भिंतीत एक दार. पूर्वी ते दार दिवसभर सताड उघडं असायचं. वहिनी चहाचे कप घेऊन ये-जा करायची, पेशंटांना दम द्यायची. दादा गेल्यापासून दाराला पलीकडून कडी होती.

पुढचे काही दिवस धाकटी त्या मशीनच्या मागे लागली. पट्ट्यातली बटणासारखी बॅटरी बदलली. पाण्याऐवजी जेल लावून बघितलं. काकांचा टेरिकॉटचा शर्ट अंगाला घासून वीज करतो की काय म्हणून त्यांना सुती बनियनवर चालवलं. शेजारच्या मशीनवरच्या शिवणकामवाल्या बाईंचा पट्टा मध्ये कडमडत असेल म्हणून बाईंना दुसऱ्या टोकाला पाठवलं. बाई जरा रागावल्या, कारण कोपऱ्याजवळ पंखा होता. काकांना दुसऱ्या मशीनवर घातलं की आकडा सरळ यायचा. कोपऱ्यात कुणालाही उभं केलं तरी तोच तमाशा. आकडा चढायचा, चढायचा आणि मध्येच कुणीतरी हात धरून बसवल्यासारखा खाली यायचा. तोही रोज नाही. सकाळी हमखास, दुपारी कधीमधी.

शेवटी एका सकाळी, पेशंट यायच्या आधी, तिनं पट्टा स्वतःच्या छातीला बांधला आणि कोपऱ्यातल्या मशीनवर चढली. शहात्तर. ब्याऐंशी. चौऱ्याऐंशी. मग बावन्न. तिनं मशीन थांबवलं. पट्टा सोडला, पार दुसऱ्या टोकाला जाऊन खणात टाकला, खण बंद केला आणि परत आली.

पडद्यावर खरं तर आता दोन आडव्या रेघा दिसायला हव्या होत्या. ठोका मिळत नसला की मशीन तेवढंच दाखवतं.

बावन्न. शेजारचं छोटं लाल हृदय नेमानं उघडझाप करत होतं.

हॉलमध्ये दुसरं कुणी नव्हतं. आरशात ती एकटीच होती. ती मशीनच्या कडेवर बसली. भीती वाटली असं तिला नंतरही कधी म्हणता आलं नाही. हा आकडा तिच्या ओळखीचा होता.

दादा लांब पल्ल्याचा धावपटू. शाळेत व्यायाम शिकवायचा आणि रोज सकाळी गाव जागं व्हायच्या आत पळून यायचा. पळणाऱ्या माणसाचं हृदय सावकाश चालतं, पण दादाचं अगदीच निवांत. बसल्या जागी बावन्न. पावसाळ्यात बाहेर पळता यायचं नाही तेव्हा तो ह्याच कोपऱ्यातल्या मशीनवर यायचा, चढायच्या आधी पडद्यावर बोट ठेवून म्हणायचा, "बघ धाकटे, सरकारी नोकर. घाई नाही."

असा माणूस हृदयानं जाणार नाही ह्याची सगळ्यांना खात्री होती, आणि तो हृदयानं गेला नाहीच. डोक्यात रक्तस्राव झाला. हॉस्पिटलात त्याला श्वासाच्या यंत्रावर ठेवलं. डॉक्टरांनी पुन्हापुन्हा तपासण्या केल्या आणि सांगितलं की मेंदू संपलाय, आता यंत्र काढायचं की नाही ते तुम्ही ठरवा. खाटेच्या वरच्या पडद्यावर मात्र बावन्न होतं. कधी त्रेपन्न, कधी एक्कावन्न, फिरून बावन्न. वहिनी त्या पडद्याकडे बघत म्हणाली होती, "अगं, पण हे चालू आहे की."

धाकटीनं तिला समजावलं. हृदयाला स्वतःची वीज असते, मेंदू गेला तरी ते काही काळ चालतं, त्याचा अर्थ काही नाही. वहिनी ऐकत होती. मग म्हणाली, "संध्याकाळपर्यंत थांबू या." धाकटी म्हणाली, "वहिनी, काय फरक पडणार आहे?" डॉक्टर उभे होते. वहिनीनं मान खाली घातली आणि दुपारीच यंत्र काढलं.

त्यानंतर त्या दोघींत भांडण असं झालं नाही. शब्दाला शब्द लागला असता तर बरं झालं असतं. वहिनीनं फक्त मधल्या दाराला कडी घातली.

धाकटीनं मशीनवाल्याला बोलावलं ते काकांच्या काळजीनं. निदान स्वतःला तिनं तसं सांगितलं. मशीनवाला कमरेला हत्यारांचा पट्टा बांधून आला. पाठ आखडलेला, कामात तोंडातल्या तोंडात पुटपुटणारा माणूस. त्यानं पडदा उघडला, तारा तपासल्या, मशीनची वायर काढून पडदा बॅटरीवर चालवून बघितला. हॉलमधले दिवे, पंखे सगळे बंद करायला लावले.

"विजेचा गोंधळ नाही हा," तो म्हणाला. "तसं असतं तर आकड्यानं माकडासारख्या उड्या मारल्या असत्या. दोनशे, तीस, दीडशे. हा तर शिस्तीत चाललाय." त्यानं पडदा हातात धरून दोन पावलं मागे घेतला. आकडा गेला, रेघा आल्या. पुढे नेला, बावन्न. "हे पट्टे जुन्या पद्धतीचे आहेत, मॅडम. ठोका पडला की पट्टा एक बारीक टिचकी मारतो, मशीन ती ऐकतं. टिचकी कुणाची, ते विचारत नाही. नव्या पट्ट्यांना स्वतःची ओळख सांगता येते, ह्यांना नाही. हातभर अंतरावर कुणीतरी पट्टा लावून बसलंय."

"इथं कोण बसणार?"

त्यानं भिंतीवर बोटानं टकटक केलं. पोकळ आवाज आला. "पलीकडे काय आहे?"

"घर."

"मग विचारून घ्या ना जरा. ही भिंत आडवी यायची नाही त्याला."

"घरात कुणी नाही," धाकटी म्हणाली. "वहिनी असतात फक्त. त्या गावाला गेल्यात."

तिच्या तोंडून हे कसं निघालं ते तिला कळलं नाही. वहिनी गावाला गेलेली नव्हती. सकाळीच तिच्या घरातली मोरी वाजलेली धाकटीनं ऐकली होती. पण दादाचे कपडे, बूट, पट्टा, सगळं पहिल्या महिन्यातच देऊन टाकलं असं तिला वाटत होतं, आणि वहिनी आयुष्यात कधी व्यायामाच्या वाटेला गेली नव्हती. शिवाय खरं कारण वेगळंच होतं. कडी उघडून पलीकडे बघितलं तर काहीतरी सापडेल, आणि सापडलं की हा आकडा नुसता आकडा होईल, ह्याची तिला भीती होती.

मशीनवाल्यानं हात टेकले. "मग मशीन खिडकीकडे सरकवा. माझ्याकडे दुसरा उपाय नाही."

ती सरकवते म्हणाली. सरकवलं नाही. काकांना खिडकीकडचं मशीन दिलं आणि कोपऱ्यातल्या मशीनवर "बंद आहे" असा कागद चिकटवला.

तेव्हापासून ती लवकर यायला लागली. कुलूप काढायचं, दिवा न लावता कोपऱ्यात जायचं, मशीनची कळ दाबायची आणि स्टुलावर बसायचं. कधी लगेच आकडा यायचा, कधी वाट बघायला लागायची. आला की तिच्या खांद्यांवरचं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं व्हायचं. शहाणी, शिकलेली बाई. रोज चार माणसांना अंगारे-धुपारे सोडा आणि गोळ्या घ्या म्हणून सांगणारी. पण त्या वेळेपुरतं तिनं स्वतःला काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं.

पहिल्यांदा ती नुसती बसायची. मग बोलायला लागली. अगदी साधं. काका आता न थांबता चालतात, दादा. शिवणकामवाल्या बाई पंख्यासाठी भांडतात. माझा डावा गुडघा कुरकुरतो, तू म्हणाला होतास तसाच. आरशातली बाई ओठ हलवताना दिसायची म्हणून ती आरशाकडे पाठ करून बसायची.

आणि एक दिवस ज्याच्यासाठी ती इतके दिवस घुटमळत होती ते बोलून गेली.

"दादा, त्या दिवशी मी जे सांगितलं ते सगळं बरोबर होतं. पुस्तकातलं होतं. पण वहिनी संध्याकाळपर्यंत थांबू म्हणाली तर मी का नाही म्हटलं, सांगू? मला त्या खोलीतून पळून जायचं होतं. तो पडदा बघवत नव्हता मला. तुझ्यासाठी नाही, मी माझ्यासाठी घाई केली. वहिनीला वाटतं मी फार खंबीर आहे. मी खंबीर नव्हते. मला धीर नव्हता संध्याकाळपर्यंत."

भिंतीपलीकडे काहीतरी हललं. खुर्चीचा पाय घासावा तसं. धाकटी ऐकत राहिली, पण पुन्हा काही वाजलं नाही. पडद्यावर बावन्न होतं.

पुढच्या आठवड्यात आकडा बिघडायला लागला.

आधी तो सत्तेचाळीसवर आला. मग एका सकाळी ब्याऐंशी दिसला. दादाचा आकडा बसल्या जागी ब्याऐंशी कधीच नव्हता. ती बघत असतानाच तो तुटला आणि एक्केचाळीस झाला. बरोबर निम्मा. थोड्या वेळानं पुन्हा ब्याऐंशी, पुन्हा एक्केचाळीस. पट्टा कोरडा झाला की एकाआड एक ठोका हुकतो आणि आकडा निम्मा दिसतो, हे ती पेशंटांना नेहमी सांगायची. तेच असेल, तिनं मनाला समजावलं. मग ती ओशाळली. कुणाचा पट्टा? दादाला पट्टा ओला करायला कोण सांगणार होतं?

निम्म्या आकड्याचं दुसरंही एक कारण असतं, तेही तिला पाठ होतं. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघालेली वीज खालपर्यंत पोचत नाही. आधी एकाआड एक ठोका गळतो. पुढे सगळेच गळायला लागतात, आणि खालचा कप्पा स्वतःच्या अकलेनं कसाबसा, फार सावकाश चालत राहतो. असे पेशंट तिच्याकडे आलेले होते. हा विचार तिनं दोन दिवस दाराबाहेर उभा ठेवला. ते दोन दिवस तिला पुढे फार लागून राहिले.

तिसऱ्या सकाळी ती स्टुलावर बसली तेव्हा पडद्यावर चौतीस होतं.

"दादा," ती म्हणाली, "हे काय रे?"

एकतीस. लाल हृदय उघडायचं आणि मग इतका वेळ मिटलेलं राहायचं की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. एकोणतीस. आणि मग भिंतीपलीकडे, तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावर, काहीतरी जड धप्पकन पडलं आणि त्यामागून स्टीलचा पेला फरशीवर घरंगळत गेला.

पडद्यावर दोन रेघा आल्या.

त्या क्षणी तिला सगळं एकदमच कळलं, आणि आपल्याला हे आधीपासून कळत होतं हेही कळलं. ती मधल्या दारावर धावली, दोन्ही हातांनी दार वाजवलं. "वहिनी. वहिनी, ऐकू येतंय का?" कडी पलीकडून होती. ती तशीच अनवाणी बाहेर पळाली, घराला वळसा घालून मागच्या गल्लीत गेली. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं.

वहिनी दादाच्या आरामखुर्चीशेजारी जमिनीवर पडली होती. खुर्ची भिंतीला लागून होती, अगदी त्या कोपऱ्याला पाठ लावून. शेजारच्या तिवईवर दादाचं धावायचं घड्याळ उभं करून ठेवलेलं. वहिनीचा चेहरा राखेसारखा झाला होता. धाकटीनं तिच्या मानेला बोटं लावली. एक ठोका. मग काहीच नाही, काहीच नाही. मग एक. कपड्यांच्या आतून दादाचा काळा पट्टा लागला, छातीवरून खाली घसरलेला.

ती कामाची माणूस होती. तिनं वहिनीचे पाय उशीवर उंच ठेवले, फोन लावला, पत्ता सांगितला, आकडा सांगितला. बोटं मानेवरून काढली नाहीत. थोड्या वेळानं वहिनीनं डोळे किलकिले केले.

"तू इकडून कशी आलीस?" ती म्हणाली.

"बोलू नका, वहिनी."

"चहा सांडला का?"

"पाणी होतं. पडून राहा."

ॲम्ब्युलन्स आली. हॉस्पिटलात त्यांनी वहिनीच्या छातीवर तारा लावल्या आणि कागदी पट्टी काढली. तरुण डॉक्टरीणबाईंनी पट्टी धाकटीला दाखवली. वरचे ठोके आपले नेमानं पडत होते आणि खालच्यांचा त्यांच्याशी काही संबंध उरला नव्हता. "आणखी थोडे दिवस असंच गेलं असतं तर झोपेतच गेल्या असत्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्हाला कळलं कसं? त्यांनी तर कुणाला काही सांगितलेलं दिसत नाही."

"मी शेजारी असते," धाकटी म्हणाली.

त्याच दिवशी वहिनीच्या खांद्याखाली काडेपेटीहून लहान असं पेसमेकरचं यंत्र बसवलं. संध्याकाळी धाकटीला आत सोडलं. खाटेवरच्या पडद्यावर साठ होतं, आखून दिल्यासारखं. दोघींनीही आधी त्या पडद्याकडे बघितलं आणि मग नजर दुसरीकडे नेली.

मग वहिनीच म्हणाली, "त्याच्या पळायच्या पिशवीत राहिला होता तो पट्टा. तळाशी. पिशवी द्यायला काढली तेव्हा हाताला लागला."

"आणि तुम्ही लावलात."

"घड्याळ होतं ना त्याचं. चार्ज करून ठेवायची मी. वेळ दाखवायचं, तारीख दाखवायचं, आणि ठोक्याच्या जागी नुसत्या रेघा. त्या बघवेनात. मग एक दिवस पट्टा ओला केला, तो करायचा तसा, आणि बांधला. आकडा आला." ती जरा थांबली. "माझाच आहे हे काय मला कळत नव्हतं? पण त्याच्या घड्याळात होता. आणि नेमका त्याचाच आकडा. मला वाटलं, इतकी वर्षं एका घरात राहिलो, आपलंही तसंच झालं असेल."

"चक्कर यायची का?"

"यायची. वाटायचं, रडण्यानं येत असेल."

धाकटी चादरीची कड दुमडत राहिली. विचारायचं होतं ते विचारायला तिला धीर होईना.

"ऐकू यायचं मला," वहिनी म्हणाली. "तुझं सगळं. पहिल्यांदा वाटलं फोनवर बोलतेस. मग दादा म्हणालीस."

"मग आवाज का नाही दिलात?"

"तू त्याच्याशी बोलत होतीस. मी मध्ये कशी बोलू?" वहिनीनं डोळे मिटून घेतले. "आणि खरं सांगू? चांगलं वाटायचं. घरात कुणीतरी त्याच्याशी बोलतंय. नंतर तर मी सकाळी खुर्चीत येऊन बसायची ती त्यासाठीच. तू लवकर येतेस म्हणून मीही लवकर उठायला लागले."

म्हणजे ती आकड्याची वाट बघत स्टुलावर बसायची आणि तिच्या आवाजाची वाट बघत वहिनी खुर्चीत बसायची. मध्ये एक प्लायवूडची भिंत. धाकटीला हसू आलं आणि तिनं चादरीची दुमडलेली कड पुन्हा सरळ केली.

"त्या दिवशीचंही ऐकलंत."

"हो."

"मग?"

बाहेरच्या बोळातून ट्रॉलीची चाकं वाजत गेली. "मला वाटायचं तुला काहीच झालं नाही," वहिनी म्हणाली. "डॉक्टरांशी त्यांच्या भाषेत बोललीस, सह्या केल्यास, मला धरून बाहेर आणलंस. मला राग त्याचा होता. तूही घाबरली होतीस हे तेव्हाच सांगितलं असतंस तर बरं झालं असतं."

"हो."

"संध्याकाळपर्यंत थांबायला हवं होतं, धाकटे."

"हो, वहिनी. थांबायला हवं होतं."

त्यावर वहिनी "असू दे" म्हणाली नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही. नुसता हात चादरीवरून पुढे सरकवला, ज्या बाजूला नवं यंत्र नव्हतं त्या बाजूचा, आणि धाकटीनं तो धरला. सवयीनं तिची बोटं मनगटावर गेली, नाडीवर. मग तिनं ती मुद्दाम खाली सरकवली आणि हात नुसता हातासारखा धरला.

वहिनी हॉस्पिटलात होती त्या दिवसांत धाकटी एकदा सकाळी लवकर व्यायामशाळेत गेली. तशी काही गरज नव्हती, पेशंटांना सुट्टी दिलेली होती. तिनं कोपऱ्यातल्या मशीनची कळ दाबली. रेघा. ती स्टुलावर बसून राहिली. काय होतं, कुणाचं होतं, भिंतीतून कसं येत होतं, सगळं तिला ठाऊक होतं, मशीनवाल्यासारखं समजावून सांगता आलं असतं. तरी ती वाट बघत बसली. बाहेर ऊन चढलं, गल्लीत दुकानांची शटरं वर जायला लागली, आणि तिला कळून चुकलं की आज काही येणार नाही, उद्याही नाही.

हॉस्पिटलात तिनं डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. दादा गेला त्या दुपारीही नाही, नंतरच्या महिन्यांतही नाही. लोक तिला खंबीर म्हणायचे ते त्यामुळेच. आता ती मशीनच्या दांड्यावर डोकं टेकून रडली, लहान मूल रडतं तशी, आवाज करून. भिंतीपलीकडे ऐकायला कुणी नव्हतं.

वहिनी घरी आली तेव्हा मधली कडी तिनंच काढली. मशीनवाल्याला पुन्हा बोलावून कोपऱ्यातलं मशीन खिडकीजवळ नेलं. वहिनी गावाहून आल्या का, असं त्यानं विचारलं, तेव्हा धाकटी हो म्हणाली. शिवणकामवाल्या बाईंना पंख्याखालची जागा मिळाली.

डॉक्टरीणबाईंनी वहिनीला रोज थोडं चालायला सांगितलं होतं. ती बाहेर चालायला तयार, मशीनवर नाही. "उंदरासारखं जागच्या जागी धावायचं मला जमायचं नाही," ती कंडक्टरकाकांना म्हणाली, आणि काकांनी एक तिकीट कमी म्हणून मान हलवली. पट्टा आणि घड्याळ तिनं धाकटीकडे दिलं नाही. ते कपाटात आहे, एवढंच धाकटीला माहीत आहे.

अजूनही एखाद्या सकाळी धाकटी कुलूप काढून आत येते आणि दिवा लावायच्या आधी तिची पावलं कोपऱ्याकडे वळतात. तिथं आता नुसती फरशी आहे, मशीनच्या चार पायांचे काळे डाग असलेली. ती क्षणभर उभी राहते. मग दार ढकलून वहिनीच्या स्वयंपाकघरात जाते, आणि दोघी चहा पितात. काही दिवशी दादाचं बोलणं निघतं. काही दिवशी दोघींपैकी कुणालाच ते झेपत नाही, आणि मग त्या भाजी काय करायची ते बोलतात.